उत्तर बरोबर देतं, पण वर्गमुळावरची रेघ स्वतः बघून घ्या

गणित सोडवणाऱ्या ह्या ॲपला साडेतीन स्टार. चार द्यायचे होते, अर्धा एका रेघेने खाल्ला, ते पुढे सांगतोच.

माझं गणित सुटून वीसेक वर्षं झाली. बीजगणित म्हटलं की (अ+ब)² एवढंच तोंडात येतं, त्याच्या पुढे अंधार. बहिणीचा मुलगा सध्या वर्गमुळंवाली आणि घातांकवाली समीकरणं शिकतोय आणि भेटला की "मामा हे सांग ना" सुरू, मामाला येत असतं तर अजून काय हवं होतं. म्हणून हे फोटो काढून गणित सोडवणारं ॲप टाकलं, आधी फुकटवालं आणि मग पायऱ्या दिसतात म्हणून पैसेवालं. दोन महिने आम्ही दोघांनी ते पिळून काढलंय तेव्हा हा दोन मिनिटं वापरून लिहिलेला रिव्ह्यू नाही. एक्सच्या जागी मी इथे क्ष लिहितोय, आणि घातांक वर चढवता येत नाही तिथे ^ ही टोपी घातलीय, समजून घ्या.

तर रेघ. गणित होतं √(क्ष + ६) = क्ष. भाच्याने वहीत लिहिलेलं, आणि त्याच्या वर्गमुळाच्या चिन्हाची वरची रेघ म्हणजे क्षच्या डोक्यापर्यंत येऊन दमलेली, ६ पर्यंत पोचलीच नाही. ॲपने फोटो घेतला, दोन सेकंद गोल फिरलं आणि उत्तर आलं ९. पुस्तकात मागे उत्तर ३. आता मी जुना माणूस, म्हटलं थांब, ताळा करू. ९ ठेवला, √९ म्हणजे ३, अधिक ६, झाले ९, बरोबर. मग ३ ठेवला, √(३+६) म्हणजे √९ म्हणजे ३, तेही बरोबर! भाचा म्हणे "मामा, पुस्तक चुकलंय, एकच उत्तर छापलं त्यांनी." मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. अर्धा तास आम्ही तिसरं उत्तर आहे का शोधत बसलो. शेवटी चहा ठेवायला उठलो तेव्हा लांबून स्क्रीनवर दिसलं की सगळ्यात वर बारीक करड्या अक्षरात ॲपने काय वाचलं ते लिहिलंय, आणि तिथे रेघ फक्त क्षवर आहे. म्हणजे ते सोडवत होतं √क्ष + ६ = क्ष. ९ चा ताळा आम्ही स्क्रीनकडे बघून केला आणि ३ चा वहीकडे बघून, दोन्ही जमले कारण दोन्ही वेगवेगळी गणितं होती!

तेच आकडे, तीच चिन्हं, रेघ बोटाच्या पेराएवढी आखूड झाली आणि ३ चे ९ झाले. चूक भाच्याच्या अक्षराची आहे हे मान्य, पण ॲपने काय वाचलं ते मोठ्या अक्षरात दाखवून "हेच ना?" असं एकदा विचारायला काय जातं. उत्तर हिरव्या चौकटीत एवढं मोठं, आणि प्रश्न मुंगीएवढा.

गंमत म्हणजे ह्याच ॲपमध्ये रोज एक माहितीचं कार्ड येतं, त्यात नंतर एकदा वाचलं की √ हे चिन्ह पहिल्यांदा १५२५ मध्ये ख्रिस्तोफ रुडॉल्फ ह्या जर्मन गणितज्ञाने छापलं आणि तेव्हा त्याला वरची रेघच नव्हती, नुसतीच टिकमार्कसारखी (✓) खूण. रेघ जोडली फ्रेंच गणितज्ञ देकार्तने, १६३७ मध्ये. म्हणजे शंभरच्या वर वर्षं लोक रेघेशिवायच चालवत होते. भाच्याला हे वाचून दाखवायला नको होतं, आता तो म्हणतो मी रुडॉल्फच्या पद्धतीने लिहितो.

आता पायऱ्या, कारण पैसे त्याचेच दिलेत. वरचंच गणित नीट टाइप करून टाकलं तर असं दाखवतं: दोन्ही बाजूंचा वर्ग, क्ष + ६ = क्ष², सगळं एका बाजूला आणून क्ष² − क्ष − ६ = ०, अवयव (क्ष − ३)(क्ष + २), म्हणजे क्ष ३ किंवा −२. इथवर मस्त, प्रत्येक पायरीवर बोट ठेवलं की का केलं तेही उघडतं. आणि मग शेवटी एक ओळ, "−२ ग्राह्य नाही". बास. का नाही? त्या ओळीवर बोट ठेवलं तरी काही उघडत नाही. अरे बाबांनो, ह्या धड्यात खरी मेख तिथेच आहे आणि तिथेच तुम्ही तोंड मिटलं! भाच्याचं म्हणणं सरळ होतं, सगळं नियमाने केलं, अवयव बरोबर, मग नियमाने आलेलं उत्तर कोण काढून टाकणार, आणि कोणत्या हक्काने. मला सांगता आलं नाही. −२ ठेवून बघितलं तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२, जुळत नाही हे दिसलं, पण मग ते आलं कुठून हे दोघांनाही कळेना.

ते कळलं आलेखाच्या बटणाने, आणि हे बटण ह्या ॲपमधली सगळ्यात भारी गोष्ट आहे, पण तीन टिंबांच्या मागे लपवून ठेवलंय, मला तिसऱ्या आठवड्यात सापडलं. दाबलं की √(क्ष + ६) ची वक्ररेषा येते, आडव्या पडलेल्या वाडग्याचा वरचा अर्धा भाग, आणि क्षची तिरकी सरळ रेषा. दोघी एकाच ठिकाणी भेटतात, ३ वर. मग खाली "वर्ग केल्यावर" असं एक टिकमार्क आहे, ते दाबलं की वाडग्याचा खालचा अर्धा भागही उगवतो, आणि सरळ रेषा त्याला −२ वर कापते. म्हणजे वर्ग करताना खालचा भाग आपणच घरात घेतलेला, कारण वर्ग केला की उणे पुसलं जातं, २ चा वर्गही ४ आणि −२ चाही ४. बिनबोलावलेला पाहुणा आहे तो, आणि दार आपणच उघडलं होतं. भाचा स्क्रीनकडे बघत "आयला" एवढंच म्हणाला आणि ते टिकमार्क दहा वेळा चालू-बंद करत बसला. हे पायरीच्या शेजारी का नाही दाखवत, देव जाणे.

आता भाषेबद्दल. मराठी निवडलंत तर करमणूक मोफत. पहिल्याच दिवशी पायरी आली, "आवडत्या अटी एकत्र करा". आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, कुणाच्या आवडत्या? लग्न जमतंय का इथे? नंतर ट्यूब पेटली की इंग्रजीत लाइक टर्म्स असणार, म्हणजे आपली सजातीय पदं. मग "दोन्ही बाजूंना दोनच्या सत्तेवर न्या", म्हणजे वर्ग करा. आणि माझं सगळ्यात लाडकं, "मूलगामी वेगळा करा". इंग्रजीतला रॅडिकल, म्हणजे जहाल माणूसही आणि वर्गमुळाचं पदही, म्हणून वाचून वाटतं पोलीस आलेत, पण म्हणायचंय एवढंच की वर्गमुळाचं पद एका बाजूला एकटं ठेवा. सजातीय पदं, घात, पाया, करणी, ताळा, सगळे शब्द मराठीत कधीपासून आहेत, शाळेची पुस्तकं त्यांनी भरलेली आहेत, एका शिक्षकाला बसवून दोन दिवसात दुरुस्त होईल असं काम आहे. आम्ही शेवटी इंग्रजी केलं, पण ज्या मुलाला मराठीतूनच शिकायचंय त्याने काय करावं.

सूचना मात्र बरोबर असते हां, भाषा सोडली तर. मूलगामी वेगळा करण्याचं महत्त्व आम्हाला √(क्ष + ७) + √क्ष = ७ ह्या गणितात कळलं. भाच्याने आपल्या मनाने एकेका पदाचा वर्ग केला, क्ष + ७ + क्ष = ४९, क्ष आला २१. सराव विभागात हे टाकलं तर ॲपने लाल फुली मारली नाही, उलट २१ ठेवूनच दाखवला, √२८ साधारण ५.२९, √२१ साधारण ४.५८, बेरीज ९.८७, आणि हवे होते ७. मग विचारलं, "(३ + ४)² आणि ३² + ४² सारखे येतात का?" ४९ आणि २५. हा प्रश्न एखाद्या चांगल्या मास्तराने विचारावा तसा होता, इथे मी मनातल्या मनात अर्धा स्टार वाढवला. मग एक वर्गमूळ पलीकडे नेलं, √(क्ष + ७) = ७ − √क्ष, आता वर्ग केला तर उजवीकडे ४९ − १४√क्ष + क्ष, दोन्हीकडचे क्ष उडाले, १४√क्ष = ४२, √क्ष = ३, क्ष = ९. ताळा, √१६ अधिक √९, चार आणि तीन सात. इतकं सुरेख जमतं की भाच्याने स्वतःहून दुसरं तसलंच गणित मागितलं, जे आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही.

पण हेच ॲप कधीकधी अगदीच बैलासारखं चालतं. √(क्ष − ५) + ४ = ० दिलं. ह्यात करायचं काय आहे? वर्गमूळ शून्याच्या खाली जात नाही, त्यात ४ मिळवले तर कमीत कमी ४ होणार, शून्य कुठून येईल, उकल नाही, संपलं. ॲपने ४ पलीकडे नेले, √(क्ष − ५) = −४, वर्ग केला, १६, क्ष = २१, परत ठेवून बघितलं, ८ आले, मग जाहीर केलं उकल नाही. पाच पायऱ्या. चूक नाही म्हणा, पण −४ दिसल्यावर कुणीतरी म्हणायला हवं ना की थांब, आधी बघ. हात चालवण्याआधी डोळे चालवायचे हे ॲप शिकवत नाही.

ह्यावरून घरात एक वादही झाला. भाचा म्हणे √२५ = ±५, मग √ काहीतरी = −४ का चालत नाही. इथे ॲपचं स्पष्टीकरण मला आवडलं, साधं आणि आखूड: २५ ची वर्गमुळं दोन, ५ आणि −५, पण √ हे चिन्ह त्यातलं फक्त धन वर्गमूळ मागतं. म्हणून क्ष² = २५ असेल तर ± आपण लावायचं, पण √२५ लिहिलं की ५ च. दोन वर्गमुळांची गोष्ट काही नवीन नाही, ११५० च्या सुमाराला भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय की धन संख्येची वर्गमुळं धन आणि ऋण अशी दोन, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नाही कारण ती कुणाचा वर्गच नसते. माहितीच्या कार्डात हे कधी आलं नाही, मी आपलं भाच्याला ऐकवून घेतलं.

घातांकांच्या बाजूला गाडी एकदम वेगळी चालते. ३^(क्ष+१) = ८१ सारखं सोपं असेल तर छान, ८१ म्हणजे ३^४, पाया सारखा झाला, क्ष + १ = ४, क्ष ३. पण ४^क्ष = ८^(क्ष−१) दिलं आणि ह्याने थेट लॉग (लॉगरिदम, घातांक शोधायची वरच्या वर्गातली रीत) काढला! लॉग ८ भागिले (लॉग ८ उणे लॉग ४), त्याखाली अजून एक ओळ, अजून एक, आणि शेवटी डोंगर पोखरून उंदीर काढावा तसा ३ काढला. भाच्याला लॉग हा शब्दच माहीत नाही. हातानं केलं तर दोन ओळी आहेत, ४ म्हणजे २², ८ म्हणजे २³, म्हणून २क्ष = ३क्ष − ३, क्ष = ३, आणि ताळा ६४ बरोबर ६४. सेटिंगमध्ये पद्धत बदलायची सोय आहे, "समान पाया" निवडा, मग शहाण्यासारखं वागतं. पण प्रत्येक अपडेटनंतर ते परत लॉगवर जातं, ते का कुणी सांगू शकेल का.

९^क्ष − ४·३^क्ष + ३ = ० मध्ये मात्र टाळ्या. ३^क्षला त म्हण, मग ९^क्ष म्हणजे त², त² − ४त + ३ = ०, त १ किंवा ३. भाच्याने खुशीत १ आणि ३ हेच उत्तर लिहून पेन खाली ठेवला, तर सराव विभागाने विचारलं, "त सापडला, क्ष कुठे आहे?" मग ३^क्ष = ३ वरून क्ष = १ आला, पण ३^क्ष = १ ला तो अडला, म्हणे असा घात नसतोच, तीनला कितीही वेळा गुणलं तरी एक कसा होईल. ॲपने खाली उतरणारी शिडी दाखवली, ३^३ सत्तावीस, ३^२ नऊ, ३^१ तीन, प्रत्येक पायरीला तीनने भागायचं, मग ३^० एक, आणि न थांबता पुढे ३^(−१) म्हणजे १/३. त्या एका चित्राने शून्य घात आणि ऋण घात दोन्ही मिटले, २^(−३) ला −८ लिहायची त्याची सवय त्या दिवसापासून गेली. माझीही गेली, पण ते त्याला सांगितलेलं नाही.

आता एक गंभीर तक्रार, पैसे घेणाऱ्या ॲपसाठी गंभीरच. क्ष^(२/३) = ४. ॲपने दोन्ही बाजूंना ३/२ घात दिला, आणि उत्तर ८. एवढंच. पण घन करून बघा, क्ष² = ६४, म्हणजे ८ आणि −८ दोन्ही. ताळा करा, −८ चं घनमूळ −२, त्याचा वर्ग ४, जुळलं की! वर्ग करताना बाहेरचा माणूस आत येत होता, इथे घरचाच माणूस बाहेर राहिला, आणि बाहेरचा निदान ताळ्यात पकडला जातो, हरवलेल्याचा ताळा कोण करणार. फीडबॅक पाठवला, "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद" आलं, आठ आठच राहिले.

किरकोळ गोष्टी पटकन. जाहिराती पैसेवाल्यात नाहीत. इंटरनेट नसेल तर फोटो वाचत नाही, टाइप केलं तर चालतं. कीबोर्ड बरा आहे, पण −३² टाइप केलं तर −९ येतं आणि मुलं म्हणतात ॲप चुकलं. ते चुकलेलं नाही, घात फक्त ३ वर आहे, ९ हवे असतील तर (−३)² असा कंस घालायचा, कंसाला कंटाळू नका.

कुणी घ्यावं? ज्याच्याकडे वही आहे आणि जो उत्तर आल्यावर ते परत समीकरणात ठेवून बघणार आहे त्याने घ्यावं, आलेखाच्या बटणासाठी तर नक्कीच. नुसता गृहपाठ उतरवून काढायला हवं असेल तर फुकटवालंही तेच करतं, पैसे घालवू नका. आणि फोटो काढण्याआधी मुलाला सांगा, रेघ शेवटच्या पदापर्यंत ओढ. भाचा आता पट्टीने ओढतो, पानाच्या कडेपर्यंत, त्यात बरोबरचं चिन्हही वर्गमुळात जातं तो वेगळाच घोळ.

काल नवीन अपडेट आलं, "फोटो वाचन अधिक अचूक" असं लिहून. वहीतलं ते जुनं पान शोधलं, तोच फोटो परत काढला. ९.